लंबगोल विहीर

अंबादास खिल्लारे याला ऑफिसात सगळे काका म्हणत. फक्त मालक शरच्चंद्र सर खिल्लारे म्हणत. अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सरांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं, आणि अंबादास तिथे सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. मुलुंडच्या आयटीआयमधून तो शिकला तेव्हा लाकडी बोर्डावर कागद ताणून, शाईच्या पेनाने रेघा मारायचे दिवस होते. रेघ चुकली तर ब्लेडच्या पात्याने शाई खरवडायची, आणि कागद फाटू द्यायचा नाही. मग कॉम्प्युटर आले. बरोबरचे दोघे जण सोडून गेले, अंबादास शिकला. लॉकडाऊननंतर सगळ्यांना लॅपटॉप मिळाले, त्यालाही मिळाला.

आता बावन्नाव्या वर्षी त्याची एकच खासियत उरली होती, पण ती ऑफिसात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. बिघडलेला नकाशा तो सरळ करून द्यायचा. कुठून तरी आलेली फाइल उघडावी आणि सगळी इमारत एका बाजूला कलंडलेली असावी, गोल खांब अंड्यासारखे दिसावेत, जिन्याच्या पायऱ्या ताणलेल्या असाव्यात, असं आठवड्यातून एकदा तरी व्हायचं.

"काका, वाट लागली," शीतल लॅपटॉप उचलूनच घेऊन यायची. ती दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी, कामाला चलाख, पण धीर कमी. "बघा ना, दरवाजे बघा. एक पण काटकोनात नाही."

अंबादास चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा. आधी नकाशात एखादी अशी गोष्ट शोधायचा जिचा खरा आकार ठाऊक आहे. लिफ्टचा खड्डा, गोल खांब, पाण्याची टाकी. ती गोष्ट सरळ केली की बाकी सगळं तिच्या मागोमाग सरळ येतं, हे त्याचं सूत्र. दहा मिनिटांत इमारत उभी राहायची. शीतल म्हणायची, "झकास!" पूर्वी तो हसायचा. या वर्षी हसत नव्हता, आणि शीतलही मग झकास म्हणेनाशी झाली.

मार्च महिन्यात त्याची बायको चंपा गेली. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये ती आया होती. लोकांची आजारपणं उपसण्यात आयुष्य गेलं, स्वतःचं डोकं दुखतंय एवढं मात्र तिने चार दिवस कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ओट्याशी उभी असताना खाली बसली ती उठली नाही. डोक्यातली नस फुटली होती. दोन दिवस दवाखान्यात, आणि संपलं. वय सत्तेचाळीस.

अंबादास रडला नाही. मुलगी प्रियंका रडून रडून आजारी पडली, चंपाची बहीण वाशिमहून आली ती दारातच कोसळली. अंबादासने तिला पाणी दिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींच्या मागून त्रिशरण-पंचशील त्याने एकही शब्द न अडखळता म्हटलं. पाहुणे गेल्यावर मंडपातल्या खुर्च्या एकावर एक रचल्या, मोजल्या, मंडपवाल्याच्या ताब्यात दिल्या. तो राहायचा त्या भांडुपच्या वस्तीत लोक म्हणाले, माणूस दगड झालाय. कोणी म्हणालं, आत साठवून ठेवतोय, एक दिवस फुटेल.

तसंही काही नव्हतं. तो आत बघायचा तर तिथे काही साठलेलं नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, हात लावला तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखा लागतो, तसं त्याला सगळंच लागत होतं. तो वेळेवर उठायचा, डबा घ्यायचा, बसने पवईच्या तलावावरून अंधेरीला यायचा. तलाव दिसला काय, नाही दिसला काय. डब्यात काय होतं ते शीतलने विचारलं तर झाकण उघडून बघावं लागायचं. तेराव्या दिवशी कामावर हजर झाला, त्यानंतर एक दिवस रजा घेतली नव्हती. स्क्रीनवर रेघा असायच्या, त्या सरळ करायच्या असायच्या. एवढं पुरत होतं.

नोव्हेंबरात सरांकडे मालाडच्या खाडीकडच्या एका कोळीवाड्याचं काम आलं. गावठाणाची हद्द सरकारी मोजणीच्या नकाशावर होती, ती रेघ पक्की, तिला हात लावायचा नाही. त्या हद्दीच्या आत कोणकोणती घरं येतात ते दाखवणारा नकाशा करून सरकारी कचेरीत द्यायचा होता. घरांचा नकाशा गावातल्याच विपुल नावाच्या तरुणाने टेप धरून, मोठ्या कागदावर पेन्सिलने काढला होता. तो डिप्लोमा झालेला होता, काम मनापासून केलेलं दिसत होतं. पण त्याने मूळ कागद द्यायच्या ऐवजी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. फोटो तिरपा, कागदाची वरची कड गुंडाळी होऊन उचललेली. स्क्रीनवर आला तेव्हा सगळा कोळीवाडा वाऱ्यात धरलेल्या ओल्या धोतरासारखा वाकडातिकडा झाला होता.

सरांनी ते काम अंबादासपुढे ठेवलं. दुसऱ्या कोणापुढे ठेवणार?

धक्का, देऊळ, बर्फाचा कारखाना आणि शाळेचं फाटक, या चार ठिकाणांची यंत्राने घेतलेली मोजमापं ऑफिसात होती. अंबादासने फोटोतली ही चार ठिकाणं खऱ्या जागेवर बसवली, तशी घरं बरीचशी सरळ झाली. पण चारही ठिकाणं गावाच्या दक्षिणेकडे. उत्तरेचा भाग, म्हणजे जिथे कागदाची कड उचललेली होती तो, तिकडे पक्कं असं काहीच नव्हतं. तिथे पंधरा घरं होती आणि मध्ये एक विहीर. विहीर लंबगोल दिसत होती, उभी जास्त, आडवी कमी.

विहीर म्हणजे गोल. अंबादासने क्षणभरही विचार केला नाही. उत्तरेचा सगळा भाग त्याने तिकडे जाणाऱ्या गल्लीपाशी तोडून वेगळा केला आणि पूर्व-पश्चिम ताणत नेला, विहीर बरोब्बर गोल होईपर्यंत. मग बाजूच्या घरांवर नजर टाकली. ठीक वाटली. तयार नकाशा सरांना दिला, सरांनी एक प्रत कचेरीत दाखल केली आणि एक गावाच्या कमिटीला पाठवली.

चौथ्या दिवशी विपुल ऑफिसात आला. तिशीतला, उन्हाने रापलेला, हातात नकाशाची गुंडाळी. सर केबिनमध्ये होते, पण तो आधी अंबादासच्या टेबलापाशीच थांबला, कारण शीतलने बोट दाखवलं होतं.

"काका, हे तुम्ही केलं?"

"हो."

"आमची पाच घरं तुम्ही हद्दीच्या बाहेर टाकलीत." त्याने कागद पसरला. "हे बघा, हे माझ्या आत्याचं घर. अर्धं आत, अर्धं बाहेर. आणि मागचं खळं, जिथे बोंबील सुकवतात, ते तर पूर्णच बाहेर. हा कागद आता कचेरीत गेला. उद्या कोणी उठून म्हणेल, ही जागा तुमची नाही."

आवाज ऐकून सर बाहेर आले. "हे बघा, कागद वाकडा होता, फोटो वाकडा होता. खिल्लारेंनी तो सरळ केलाय. सरळ केल्यावर घरं जिथे आहेत तिथे आली. आम्ही काय करणार?"

"सर, आत्याची खोली दहा फुटांची आहे. या नकाशात मोजली तर पावणेबारा भरते. खोली मोठी झाली आणि घर गावाबाहेर गेलं. असं कधी होतं का? येऊन बघा ना एकदा."

"मोजणी झालेली आहे," सर म्हणाले. "परत परत साइटवर जाणं शक्य नाही."

विपुलने कागद गुंडाळला. तो भांडणार असं शीतलला वाटलं होतं, पण तो निघून गेला.

अंबादासने फाइल उघडली. खोली मोजली. अकरा फूट नऊ इंच. विहीर मोजली. गोल. त्याला वाईट वाटत नव्हतं, राग नव्हता, भीती नव्हती. फक्त दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, आणि न जुळणारे आकडे सोडून उठणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

तो केबिनमध्ये गेला. "सर, उद्या अर्धा दिवस रजा पाहिजे."

सरांनी मान वर केली. मार्चनंतर पहिल्यांदाच तो रजा मागत होता. त्यांना वाटलं, बायकोचं काहीतरी असेल. "घ्या ना, घ्या. अख्खा दिवस घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अंबादास टेप खिशात घालून कोळीवाड्यात उतरला. विपुल धक्क्याजवळ भेटला, जास्त काही न बोलता उत्तरेच्या गल्लीत घेऊन गेला. गल्ली इतकी अरुंद की दोघांना शेजारी शेजारी चालता येईना. घरं रंगवलेली, दारात जाळी, प्लास्टिकचे ड्रम. गल्ली संपली तिथे मोकळी जागा आणि विहीर.

अंबादास कठड्यापाशी उभा राहिला. आत वाकून पाहिलं. मग कठड्याभोवती एक फेरी मारली.

"टेप धर," तो विपुलला म्हणाला.

उत्तर-दक्षिण तेरा फूट. पूर्व-पश्चिम अकरा. त्याने परत मोजायला लावलं. परत तेरा आणि अकरा. तिसऱ्यांदा त्याने टोकं बदलली, स्वतः पलीकडे गेला. तेच.

विहीर गोल नव्हती. मुळातच नव्हती. विपुलने कागदावर जशी काढली होती तशीच ती होती, आणि ती गोल करायच्या नादात अंबादासने पंधरा घरं ताणली होती आणि त्यातली पाच हद्दीबाहेर ढकलली होती.

"काय मोजतंस रे विहिरीला?" पाठीमागून आवाज आला. "पळून जातेय काय ती?"

मागच्या खळ्यात बांबूंच्या मांडणीवर बोंबील टांगलेले होते, रांगेने, तोंडात तोंड अडकवून, आणि एक म्हातारी खालची रांग उलटत होती. विपुलची आत्या, मंजुळा. नऊवारी कासोटा, कानात जड सोनं, सत्तरीच्या पुढची, पण पाठ ताठ.

"आत्या, हे नकाशावाले काका."

"ज्याने माजं घर बाहेर काढलं तो?"

"तोच," अंबादास म्हणाला. "मावशी, ही विहीर अशी लांबट कशी?"

तिला प्रश्न वेडगळ वाटला असावा, पण उत्तर तिने दिलं. "बहात्तरच्या दुष्काळात पाणी आटलं. तेव्हा गावाने मिळून रुंद केली. माजा सासरा होता खणायला, मी तेव्हा नवी नवरी. या दोन बाजूंना काळा दगड लागला, पहार वाकली. मग लांबीत वाढवली, जिकडे जमीन नरम होती तिकडे. पाणी आलं. पाणी आल्याशी काम, गोल नि चौकोनी कोण बघतंय?"

अंबादासने वहीत लिहून घेतलं. मग तिचं घर मोजलं, खळं मोजलं, गल्लीचं वळण, शेजारची चार घरं. मंजुळा काम करत होती आणि तो मोजत होता. उन्हं वर आली तेव्हा तिने विपुलला पाणी आणायला घरात पाठवलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकली.

"घरी कोण कोण?" तिने विचारलं. असं कोणी कोणालाही विचारतं, त्यात खास काही नव्हतं.

"मुलगी आहे. बँकेत लागलीय."

"नि बायको?"

"गेली. मार्चमध्ये."

मंजुळाने अरेरे म्हटलं नाही. त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "रडलास?"

"नाही."

"माजा नवरा गेला, तर मी तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन बाजारात बसले. गाव बोललं, हिला काय वाटतच नाय. सासू पण बोलली." तिने पदराने मान पुसली. "मला काय वाटत होतं ते माजं मलाच ठाव नव्हतं. मासळी तेवढी विकत होते. कोणी भाव विचारला की सांगत होते."

"मग?"

"मग काय? आज इतकी वर्षं झाली, अजून विकतेय." ती उठली, कारण वरच्या रांगेवर एक कावळा येऊन बसला होता, आणि त्याला शिवी देत ती तिकडे गेली.

ती अजून काही बोलेल असं अंबादासला वाटलं, पण ती कावळ्यामागे खळ्याच्या टोकाला गेली होती. विपुलने पाणी आणलं, ते तो प्यायला. मार्चपासून त्याला खूप जणांनी खूप काही सांगितलं होतं: धीर धरा, मुलीकडे बघा, सगळं अनित्य आहे. असं कोणी सांगितलं नव्हतं की काय वाटतं ते माहीत नसतानाही माणूस बाजारात जाऊन बसतो. ते ऐकून त्याला बरं वाटलं, असंही नाही. पण परतीच्या रिक्षात ते वाक्य त्याच्याबरोबर होतं.

ऑफिसात तो दुपारी दोनला पोचला आणि डबा न उघडता सरांकडे गेला.

"सर, कोळीवाड्याचा नकाशा चुकलाय. चूक माझी आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"मी विहीर गोल धरली. ती लांबट आहे. मी आज मोजून आलो."

"तुम्ही तिकडे गेला होतात? रजेच्या दिवशी?" सर खुर्चीत मागे टेकले. "खिल्लारे, नकाशा दाखल झालाय. आता परत घ्यायचा म्हणजे पत्र द्यावं लागेल, चूक कबूल करावी लागेल. ऑफिसचं नाव जाईल. दोन-चार फुटांचाच फरक ना? सुनावणीत बघू."

"अकरा फुटांचा आहे. शेवटच्या घराला."

"त्यांची तक्रार आली तर बघू म्हटलं ना."

एरवी अंबादास इथे मान हलवून बाहेर आला असता. सव्वीस वर्षांत सरांपुढे दुसरं वाक्य तो कधी बोलला नव्हता. घरी जाऊन चंपाला सांगितलं असतं, तिने सरांना दोन शेलक्या शिव्या दिल्या असत्या, आणि विषय संपला असता. आज त्याला भीती वाटायला हवी होती. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि भीती यांच्यामधली तार मार्चमध्येच कुठेतरी तुटली होती.

"पत्र मी लिहितो, सर," तो म्हणाला. "ड्राफ्ट्समनची चूक म्हणून. माझ्या नावाने, माझ्या सहीने. ऑफिसचं नाव जाणार नाही, माझं जाईल."

"तुमची नोकरी जाऊ शकते, हे कळतंय ना?"

"कळतंय."

त्याने ते इतक्या सपाटपणे म्हटलं की सर चपापले. धमकी नव्हती त्यात, विनवणीही नव्हती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर शीतल टाइप करायची थांबली होती.

"बसा," सर शेवटी म्हणाले. "आधी नकाशा नीट करा. पत्र माझ्या सहीने जाईल. मोजणीत सुधारणा, एवढंच लिहू. आणि खिल्लारे, पुढच्या वेळी साइटवर जायचं असेल तर सांगून जा. रजा कशाला खर्च करता?"

अंबादासने फाइल उघडली. उत्तरेच्या भागाला दिलेला सगळा ताण काढून टाकला. पंधराही घरं एका झटक्यात आपल्या जागी परत गेली. गुंडाळलेल्या कडेमुळे राहिलेला खरा तिरपेपणा त्याने वहीतली मापं एकेक घालून काढला. शीतल खुर्ची ओढून शेजारी बसली आणि मापं वाचून दाखवू लागली. संध्याकाळी सहाला मोजलेल्या सगळ्या घरांचा फरक चार इंचांच्या आत आला. मंजुळाचं घर हद्दीच्या रेघेपासून सव्वा फूट आत होतं. विहीर त्याने शेवटी काढली, बिंदू बिंदू जोडून, दगड लागला त्या दोन बाजूंना चपटी. खळ्याची जागा आधीच्या नकाशात नुसती पांढरी होती. तिथे त्याने लिहिलं: मासळी वाळवण्याची जागा, सामाईक वापरात.

"काका, हे लिहायला कोणी सांगितलं?" शीतलने विचारलं.

"पांढरं सोडलं तर रिकामं वाटतं," तो म्हणाला.

सुधारलेला नकाशा त्या आठवड्यात दाखल झाला. कचेरीतल्या माणसाने कुरकुर केली आणि शिक्का मारला. जानेवारीतल्या सुनावणीत पाचही घरं हद्दीच्या आत धरली गेली. खळ्याचं अजून लोंबकळत आहे, पुढची तारीख पडली आहे. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र जुना नकाशा समोर आला की हल्ली ते विचारतात, "खिल्लारे, हे जाऊन बघायला पाहिजे का?" आणि निम्म्या वेळा अंबादास हो म्हणतो.

निकालानंतरच्या शनिवारी विपुल सुक्या बोंबलांची जुडी घेऊन ऑफिसात आला. आत्याने दिलीय, म्हणाला. शीतलने नाक दाबलं आणि खिडकी उघडली. अंबादास ती जुडी तीन पिशव्यांत गुंडाळून बसने भांडुपला घेऊन गेला, तरी शेजारच्या सीटवरचा माणूस उठून पुढे गेला.

प्रियंका बँकेतून नुकतीच आली होती. "पप्पा, हे काय? मला नाही येत हे करायला. मम्मी करायची."

"मला ठाऊक आहे ती कशी करायची," अंबादास म्हणाला.

त्याला खरंच ठाऊक होतं. कधी केलं नव्हतं, पण चंपा ओट्याशी उभी असताना तो मागे बसून पेपर वाचायचा, आणि वीस वर्षांत ते नकळत पाठ झालं होतं. डोकी तोडायची, थेट जाळावर भाजायचे, मग लसूण आणि लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटायचे. प्रियंका लसूण सोलायला बसली. भाजताना दोन जळले. कुटताना तो बोलत होता. विहिरीचं, म्हातारीचं, पावणेबारा फुटांच्या खोलीचं, सरांचं. प्रियंकाने मध्ये विचारलं, "म्हणजे चूक तुमची होती?" तो म्हणाला, "पूर्ण माझी." एवढं सलग तो मार्चपासून बोलला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. त्याच्या आलं नाही.

भाकरीबरोबर दोघांनी खाल्लं. तिखट जास्त झालं होतं. मम्मीच्या हातासारखं नव्हतंच, आणि दोन घास खाल्ल्यावर प्रियंकाला रडू आलं. अंबादासला आलं नाही. तो तिच्या शेजारी सरकून बसला, तिचं ताट ओढून तिच्या समोर नीट ठेवलं, आणि ती रडायची थांबेपर्यंत जेवायचा थांबला. मग दोघांनी उरलेलं संपवलं.

"उद्या रविवार," प्रियंका नाक पुसत म्हणाली. "मम्मीच्या साड्या अजून कपाटात तशाच आहेत. मावशी विचारत होती."

"काढूया," अंबादास म्हणाला. "तू आणि मी."

त्याने ताटं उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.